डावा कान

इमरिस प्रॉथरोच्या उजव्या कानात
एक रोलिंग मिल बसलेली आहे,
तिथं दुसरं काही शिरत नाही.
काही सांगायचं तर टेबलाला वळसा घालून
त्याच्या डावीकडं यावं लागतं.

दर मंगळवारी, बेकरीची पाळी संपवून
मी त्याच्या डावीकडं बसते.
माझ्या कोपरापर्यंत पीठ,
खिडकीबाहेर पोर्ट टॅल्बटचा राखी समुद्र
आणि धुराची सवय सुटलेली धुराडी.

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं,
ती मधली तान कधी शिकवणार?
अख्खं स्टेडियम जिच्यासाठी श्वास धरतं, ती?
"कुठली?" तो म्हणाला.
मला वाटलं, चेष्टा करतोय.

मग सहा आठवडे नुसता उजवा हात.
डावा तारांवर अलगद टेकलेला, सूर नाही,
फक्त चक् चक्, चचक् चक्,
कुणीतरी रिकामी किसणी घासतंय तसं.
"वर जाताना तार लागो न लागो,
हातानं जायचं आणि यायचं.
हात थांबला की गाणं ठेचकाळतं."
त्याची मांजर ब्लोडवेन
मंगळवारपुरती घर सोडून जाऊ लागली.

मग एफ.
तर्जनी आडवी, सहाही तारांवर दाराच्या अडसरासारखी,
आणि दुसरी तार रोज मुकी.
रोज चाळीस किलो कणीक मळते मी!
तरी त्या एका तारेनं
महिनाभर मला दुबळी ठरवलं.

मग तळहाताची कड घोडीजवळ टेकवून
निम्मा आवाज गिळायचा,
दारात गाडी चालू ठेवून
कुणी कुणाची वाट बघत असावं तसा.
आणि तिसऱ्या कडव्याआधीची ती जागा,
दोन मात्रा, जिथं काहीच वाजवायचं नाही.
"सगळ्यात अवघड हेच," इमरिस म्हणाला,
"इथं लोक घाबरतात आणि काहीतरी वाजवतात."

ऑगस्टमध्ये त्यानं मूळ तबकडी काढली,
हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले.
डाव्या कानात तेच सगळं: जाणं, येणं, गिळलेला आवाज,
माझे सहा आठवडे, माझी मुकी तार.
उजव्या कानात ती तान,
शिडी न लावता चढत गेलेली.

आत्ता उलगडलं.
एकोणिसाव्या वर्षी मिलनं त्याचा कान घेतला,
विसाव्या वर्षी त्यानं ही तबकडी घेतली.
आईची झोप मोडू नये म्हणून
रात्री हेडफोनवरच ऐकली, वर्षानुवर्षं.
जगाला जो ठेका पायांनी कळतो, लक्षात राहत नाही,
त्याच्यासाठी तेवढंच गाणं होतं.
पबमधल्या रेडिओवर मागं कुणी
शिट्टी घालतंय असं वाटायचं, म्हणाला,
वाटायचं, असेल कुणी प्यालेला.

मी हेडफोन उलटे करून
उजवी वाटी त्याच्या डाव्या कानावर ठेवली.
तो ऐकत राहिला. हनुवटी थोडी वर.
सुई शेवटच्या रेघेवर खरखरू लागली तरी
त्यानं ती उचलली नाही.
मग म्हणाला, "चांगला आहे पोरगा.
पण बोलतो फार.
खाली शिडी कोण धरून उभं आहे,
एकदा तरी बघावं त्यानं."
आणि हेडफोन पुन्हा सुलटे केले.

काल रग्बी क्लबात, बिंगो आणि लॉटरीच्या मधल्या वेळात
आम्ही ते गाणं वाजवलं.
योलो हॅवर्डनं तान घेतली, केस मागं टाकून,
सगळ्या माना त्याच्याकडं.
एक मान तेवढी वळलेली,
डावा कान माझ्या बाजूला.

दुसरी तार बोलली.
मग ती दोन मात्रांची जागा आली,
मी घाबरले
आणि काहीतरी वाजवलं.

इमरिसनं छताकडं पाहिलं.
हात तोवर खाली गेला होता,
वर यायला निघालाही होता.